अनधिकृत कोण?

कांहीं शब्द असे असतात कीं, ते एकदां उच्चारले म्हणजे विचार करण्याचें काम संपलें असें बोलणाऱ्यास वाटूं लागतें. ‘अनधिकृत’ हा सांप्रत असाच एक शब्द होऊन बसला आहे. एखाद्या तरुणानें आपल्या फोनला कंपनीनें घातलेलें कुलूप काढलें आणि कंपनीच्या दुकानांत न मिळणारें एखादें ॲप त्यांत बसविलें, कीं सुशिक्षित घरांतील वडील मंडळी लगेच म्हणतात, ‘हें अनधिकृत आहे.’ जणूं काय तेवढ्यानें निकाल लागला! परंतु अधिकार हा कोणाचा तरी असावा लागतो. ज्याच्या अधिकाराविरुद्ध हें कृत्य घडलें तो अधिकारी कोण, त्याला हा अधिकार कोणीं दिला, आणि ज्यानें पैसे मोजून वस्तु घेतली त्याचा अधिकार कोठें गेला, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या शब्दास कांहीं अर्थ आहे असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

प्रथम हें कृत्य आहे तरी काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. फोन चालू करतांच त्याच्या पोटांतील एक लहानसा कार्यक्रम आधीं जागा होतो; त्यास बूटलोडर म्हणतात. पुढें जी प्रणाली सुरू व्हावयाची, तिच्यावर कंपनीची सांकेतिक मोहोर आहे कीं नाहीं हें तो पाहतो, आणि मोहोर नसेल तर वाट अडवितो. प्रणाली सुरू झाल्यावरही सर्वांत वरचा हक्क, ज्यास ‘रूट’ म्हणतात तो, मालकास मिळत नाहीं. आपल्याच फोनमध्यें तो पाहुण्यासारखा वावरतो. कांहीं कंपन्या मागितल्यास बूटलोडर उघडण्याची सोय ठेवतात, कांहीं ठेवीत नाहींत. ॲपलच्या आयफोनांत तर ती मुळींच नाहीं. तेथें प्रणालींतील एखादी चूक हुडकून तिच्या वाटेनें आंत शिरावें लागतें. यालाच ‘जेलब्रेक’ म्हणजे तुरुंगफोड असें नांव पडलें आहे. नांव बोलकें आहे. ज्याच्या घराला लोक विनोदानें कां होईना तुरुंग म्हणतात, त्या घराच्या धन्यानें आपल्या सौजन्याचा फारसा डौल मिरवूं नये.

आमच्या मुरबाड तालुक्यांत पौषी पौर्णिमेस म्हशाची यात्रा भरते व तेथें गुरांचा मोठा बाजार होतो. त्या बाजारांत बैलाचा सौदा झाला म्हणजे कासरा घेणाऱ्याच्या हातीं येतो. विकणाऱ्यानें पैसे कनवटीस लावावे आणि ‘बैल तुझा, पण कासरा माझ्याच हातीं राहील, त्यानें कोणाचें शेत नांगरावें आणि कोणाची पेंड खावी तें मी सांगेन,’ असें म्हणावें, तर अख्खा बाजार त्याला हंसेल. हाच व्यवहार काचेच्या चकचकीत दुकानांत झाला म्हणजे मात्र आमचे सुशिक्षित लोक मुकाट्यानें मान डोलावितात. फोन विकत दिला कीं भाड्यानें? भाड्यानें दिला असेल तर पावतीवर तसें लिहा आणि भाडें तेवढेंच घ्या. विकत दिला असेल तर कासरा सोडा.

‘पण आम्हांस त्या किल्लीची गरजच काय?’ असें पुष्कळ सज्जन विचारतात. मराठी वाचकानें तरी हा प्रश्न विचारूं नये. सन २०१० च्या सुमारास जे अँड्रॉइड फोन आपल्याकडे आले, त्यांतील पुष्कळांत देवनागरीचा फॉन्टच नव्हता. निर्मात्यानें तो स्वतः होऊन घातला नसला, तर मराठी मजकूर उघडतांच अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटींची रांग दिसे. फॉन्ट मिळत नव्हते असें नाहीं. ते फुकट मिळत होते. पण फॉन्ट ठेवण्याची जागा प्रणालीच्या कुलूपबंद भागांत, आणि त्या भागांत लिहिण्याचा हक्क मालकास नाहीं! ज्यांनीं फोन ‘रूट’ केला त्यांनीं त्या जागीं देवनागरी फॉन्ट नेऊन ठेवला, आणि जोडाक्षरें मोडलेलीं कां होईनात, पण आपली भाषा वाचली. आयफोनची कथा याहून फारशी निराळी नाहीं. बाहेरच्या कोणीं केलेला कळफलक सर्व ॲपांत वापरण्याची मुभा ॲपलनें २०१४ सालीं, आयओएसच्या आठव्या आवृत्तीबरोबर दिली. तोंपर्यंत ती सोय तुरुंग फोडणाऱ्यांपुरतीच होती. म्हणजे ज्या लिपींत हें मासिक छापलें जातें, ती लिपी कांहीं वर्षें आपल्याच खिशांत अनधिकृत होती. हें ज्यांस अपमानास्पद वाटत नाहीं, त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. त्यांची आम्हांस कींव येते.

गरिबांच्या फोनची गोष्ट तितकीच बोधप्रद आहे. जुलै २०१७ मध्यें रिलायन्सनें १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन जाहीर केला. कायओएस प्रणालीवर चालणाऱ्या या स्वस्त फोननें अनेक घरांत पहिल्यानें इंटरनेट नेलें, हें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यांत जिओखेरीज दुसरें सिम चालत नसे. आणि शाळेपासून सोयऱ्यांपर्यंत सर्वांचे निरोप ज्यावर येत, तें व्हॉट्सॲप त्यांत सप्टेंबर २०१८ पर्यंत नव्हतें. शहापूर-मुरबाडच्या डोंगरवस्त्यांत एका पाड्यावर एका कंपनीचें जाळें लागतें, तर टेकडीपलीकडे दुसऱ्या कंपनीचें. अशा मुलखांत एकाच सिमला जखडलेला फोन म्हणजे एकाच विहिरीला बांधलेला पोहरा. ती विहीर आटली कीं पोहरा निरुपयोगी, मग तो कितीही स्वस्तांत मिळालेला असो. असलें कुलूप काढण्याच्या युक्त्या तरुण शोधूं लागले, यांत नवल तें काय?

जी वस्तु अधिकृत मार्गानें मिळत नाहीं ती आपल्या हातानें सिद्ध करणें, हा आपल्या इतिहासांत दोष मानला गेलेला नाहीं. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून गणपत कृष्णाजींनीं स्वतःचा छापखाना उभारला, शाई स्वतः प्रयोग करून तयार केली आणि १८३१ सालीं छापील मराठी पंचांग काढलें. मिशनची नव्हे म्हणून ती शाई अनधिकृत, असें आज कोणी म्हणेल काय? इंग्लंडांत जॉन मिल्टननें १६४४ सालीं ‘ॲरिओपॅजिटिका’ लिहून ज्या गोष्टीवर हल्ला चढविला, ती छापण्यापूर्वीं परवाना घेण्याची सक्तीच होती. वाईट पुस्तकाबद्दल मागाहून जबाबदार धरणें वेगळें, आणि प्रत्येक पुस्तक आधीं एका अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेलेंच पाहिजे असें म्हणणें वेगळें. इंग्रजी वाङ्मयाचे आमचे विद्यार्थी हा भेद परीक्षेंत बिनचूक लिहितात. परीक्षेबाहेर तो लागू करण्याची वेळ आली, कीं त्यांचे पदवीधर पालकच तो विसरतात.

कायद्याचा बाऊ करणाऱ्यांनीं कायदा उघडून पाहावा. आपल्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५अ हें कलम घालण्यांत आलें. तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड त्यांत सांगितला आहे खरा, पण केव्हां? कायद्यानें दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनें तोडलें तर. तसा हेतु नसेल तर नुसतें कुलूप काढणें या कलमाखालीं गुन्हा होत नाहीं. अमेरिकेचा कायदा याहून कडक. तरी तेथेंही जुलै २०१० मध्यें लायब्ररियन ऑफ काँग्रेस या अधिकाऱ्यानें फोनच्या जेलब्रेकला त्या कायद्यांतून सूट दिली. चोरीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पैसे देऊन घ्यावयाचें ॲप फुकट लुबाडण्यासाठीं कोणी कुलूप फोडील तर तो चोरच, आणि त्याला शिक्षा व्हावी. परंतु चोरानें पहार वापरली म्हणून गांवच्या लोहारास पहार घडविण्याची बंदी कोणी करीत नाहीं.

मग कंपन्यांचा एवढा आग्रह कां? याचें उत्तर आमच्याच तालुक्याच्या डोंगरांत सांपडतें. वैशाखऱ्याकडून वर चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण अजून उभा आहे. जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यांत पडे असें परंपरा सांगते. ॲपच्या दुकानाचें तसेंच आहे. आयफोनसाठीं ॲप करणाऱ्यानें त्यांतील डिजिटल विक्रीचा शेंकडा ३० पर्यंत वांटा ॲपलच्या रांजणांत टाकावयाचा, हा नियम वर्षानुवर्षें चालला. लहान धंदेवाल्यांस तो २०२१ पासून शेंकडा १५ वर आला. फरक एवढाच कीं, नाणेघाटाचा रांजण घाटाच्या माथ्यावर होता, व्यापाऱ्याच्या घरांत नव्हता. हा रांजण आपल्या खिशांत ठेवलेला आहे. भारताच्या स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें अँड्रॉइडच्या प्रकरणीं गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि दुकानाबाहेरून ॲप बसविण्याच्या वाटेंत अडथळे आणूं नयेत असेंही बजावलें. मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. दंड कंपनीच्या हिशेबवहींत खर्ची पडतो. आपल्या उपयोगाचा होता तो आदेश, आणि नेमका तोच गेला.

आतां सर्वांत भारदस्त आक्षेप, सुरक्षिततेचा. लग्नपत्रिकेच्या नांवाखालीं एपीके फाइल पाठवून लोकांचीं बँकखातीं साफ करणारे भामटे अलीकडे फार माजले आहेत, हें खरें. पण ती फाइल बसविण्यास कुलूप फोडावें लागत नाहीं. विचारलेल्या परवानगीवर बोट टेकविलें कीं काम होतें. आणि अधिकृत दुकान तरी सोंवळें आहे काय? सरकारनें संसदेंत दिलेल्या माहितीप्रमाणें सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळांत गूगलनें आपल्या दुकानांतून २२०० हून अधिक फसवीं कर्ज-ॲपें काढून टाकलीं. काढून टाकलीं, म्हणजे आधीं तीं तेथें होतीं!

कुलूप काढलेल्या फोनला धोका अधिक, हें आम्ही लपवीत नाहीं. सर्वांत वरचा हक्क दुष्ट ॲपच्या हातीं लागला तर तें सर्व कांहीं वाचूं शकतें. म्हणून अनेक बँकांचीं ॲपें अशा फोनवर चालण्यास नकार देतात. प्रत्येकानें कुलूप काढावें असें आमचें सांगणेंच नाहीं. आजींच्या फोनला कुलूप अवश्य असावें. पण घरच्या किल्ल्यांचा जुडगा जसा आजींच्या कमरेला असतो, तशी तीही किल्ली त्यांच्याच कमरेला असावी. शिवाय कंपनीनें सुधारणा पाठविणें बंद केलें म्हणजे फोन दिवसेंदिवस अधिकच असुरक्षित होत जातो. लिनेजओएससारखी, स्वयंसेवकांनीं चालविलेली प्रणाली त्यांत बसवितां आली तर त्याचें आयुष्य वाढतें. बूटलोडरच उघडत नसेल तर ती वाट बंद. म्हणजे सुरक्षिततेच्या नांवानें घातलेलें कुलूपच शेवटीं सुरक्षिततेच्या आड येतें, आणि धडधाकट फोन अडगळींत टाकून नव्याचे हप्ते भरणें सामान्य कुटुंबाच्या नशिबीं येतें.

किल्ली दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे ती तिसऱ्याच्याही हातीं जाऊं शकते. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागानें प्रत्येक नव्या फोनमध्यें ‘संचार साथी’ ॲप आधींच बसवून देण्याचा हुकूम कंपन्यांस काढला. बोभाटा झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत सक्ती मागें घेण्यांत आली. ॲप चांगलें होतें कीं वाईट, हा येथें प्रश्न नाहीं. हुकूम कोणाला गेला तें पाहा: फोनच्या मालकांस नव्हे, किल्लीच्या मालकांस. त्याच वर्षीं ऑगस्टांत गूगलनें जाहीर केलें होतें कीं, ज्या कर्त्यानें आपली ओळख आमच्याकडे पटविली नाहीं त्याचें ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनांत बसूं दिलें जाणार नाहीं. ओरड झाल्यावर नोव्हेंबरांत, जाणकारांसाठीं एक वाट ठेवूं, असें सांगण्यांत आलें. ‘वाट ठेवूं’ ही मेहेरबानीची भाषा आहे. आपल्याच वस्तूबद्दल मेहेरबानी घेण्याची संवय लागली, म्हणजे हक्काचा उच्चारही उद्धटपणाचा वाटूं लागतो.

आमचें मागणें फार नाहीं. बूटलोडर उघडतां येतो कीं नाहीं, आणि सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, या दोन गोष्टी फोनच्या खोक्यावर किंमतीइतक्याच ठळक छापाव्या. सुधारणा बंद होतांच किल्ली मालकास विनामूल्य द्यावी. आणि कुलूप काढल्याचें निमित्त करून काचेची किंवा बॅटरीची हमी नाकारूं नये. हें होईपर्यंत वाचकांनीं एवढें करावें: येत्या खरेदीच्या वेळीं फोनच्या रंगावर जो अर्धा तास जातो, त्यांतील एक मिनिट काढून दुकानदारास विचारावें, ‘याची किल्ली आम्हांस मिळेल काय?’ शंभर गिऱ्हाइकांनीं हा प्रश्न विचारला तर तो वरपर्यंत पोंचल्याशिवाय राहणार नाहीं.

आणि घरांतील एखाद्या तरुणानें कुलूप काढलेंच, तर ‘अनधिकृत’ हा शब्द त्याच्या अंगावर फेकण्यापूर्वीं त्यास विचारावें, ‘काढलेंस कशासाठीं?’ चोरीसाठीं असेल तर त्याचा कान धरावा. आपली भाषा, आपलें जुनें यंत्र किंवा आपलें काम यांसाठीं असेल, तर विकत घेतलेल्या वस्तूवर अधिकार कोणाचा, हें घरांतील सर्वांच्या आधीं त्यानें ओळखलें असें समजावें.