प्रायमर बसला म्हणजे झालं?

निवृत्त झालेले आमचे काही सीनियर हल्ली मुलांकडे अमेरिकेत जातात, तिथल्या रेंजवर रमतात आणि घरच्या घरी राउंड भरायलाही शिकतात. रिकामी पुंगळी, नवा प्रायमर, तोलून घातलेली पावडर, वर बुलेट. छंद झकास आहे. माझं भांडण एकाच वाक्याशी आहे: "रायफलचे प्रायमर मिळाले नाहीत, पिस्तुलाचे बसले की!"

बसणारच, सर. स्मॉल रायफल आणि स्मॉल पिस्टल प्रायमरचा व्यास एकच, ०.१७५ इंच. फरक कपाच्या पत्र्यात असतो. पिस्तुलाच्या प्रायमरचा पत्रा सहसा पातळ, कारण तिथे दाबच कमी. ९ मि.मी.ची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय, पॉइंट २२३ ची ५५,०००. एवढ्या दाबाखाली पातळ पत्रा पिनच्या टोकाशी फाटू शकतो आणि तापलेला गॅस मागे येतो. मागे म्हणजे कुठे, हे शिस्त घेणाऱ्याला सांगायला नको.

दुसरा धोका तर ट्रिगरला बोटही न लावता. एके कॉक करा, राउंड फायर न करता बाहेर काढा आणि प्रायमर बघा. बारीक टिंब दिसेल. पिन मोकळी असते, बोल्ट पुढे आपटला की ती प्रायमरला टिचकी मारतेच. आपल्या जुन्या एसएलआरमध्ये पिनला स्प्रिंग होती; एआर-१५ मध्ये, गॅरंडमध्ये ती नाही. प्रायमर मऊ असेल तर त्या टिचकीनेच राउंड सुटतो. एम-१६ नवी असताना अमेरिकी फौजेला हाच त्रास झाला. १९६३ च्या सुमारास तिची पिन हलकी करावी लागली. आणि तो दारूगोळा कारखान्यातला होता, गॅरेजमधल्या टेबलावरचा नव्हे.

मॅग्नम प्रायमरची गोष्ट उलटी. त्याची ज्वाला जोरकस, तीच पावडर जास्त दाब देऊ शकते. प्रायमर बदलला की चार्ज खाली आणून पुन्हा हळूहळू वाढवायचा.

"मॅन्युअल वकील लिहितात, आम्ही शंभर राउंड फायर केले, काही झालं नाही," असंही ऐकलंय. बोल्ट ॲक्शन आणि हलका चार्ज असेल तर नसेलही झालं. पण वरणगावच्या राउंडवर आपण डोळे मिटून भरवसा ठेवला, तो पुंगळी, प्रायमर, पावडर एकत्र तपासून यायचे म्हणून.

सेमी-ऑटोसाठी जाड कपाचे, मिलिटरी धाटणीचे प्रायमर वेगळे मिळतात, सीसीआय ४१ सारखे. दुकानात नसतील तर तयार राउंड घ्यावेत, नाहीतर त्या रविवारी नातवंडांना बागेत न्यावं.