रिकामा वेळ अन् पऱ्हाटीची बोली

फरदड नको म्हणून पऱ्हाटी उपटली, तूर घरात आली. आता मृगापर्यंत आम्ही पारावर बसून मोबाईल घासणार.

पालघर जिल्ह्यातल्या आमले गावात याच मोबाईलवर लोकांनी मराठी वाक्यं वाचून पैसे कमावले. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांचा तो प्रयोग, ॲपचं नाव 'कार्य'. गावकरी, मुंबईकडचे वस्तीतले लोक अन् विद्यार्थी मिळून ३६ जणांनी १०९ तासांचा आवाज भरला. २०२० मधे त्यावर निबंध निघाला.

असं काम कौंडण्यपुरात यावं, पण वाक्यं वऱ्हाडी हवीत. 'पऱ्हाटीले मावा आला, काय फवारू?' असं विचारलं तर माझ्या फोनले पऱ्हाटीच समजत नाही. उद्या सल्ला देणारं यंत्र चुकीचं ऐकून चुकीचं औषध सांगेल. अन् फवारणी किती महाग पडते हे यवतमाळनं २०१७ मधे पाह्यलं. डवरणी, निंदण, सोंगणी हे शब्द आपल्याच तोंडून भरावे लागतील.

पण फुकटात नाही. तासाचा दर आधी ठरावा, निंदणाच्या मजुरीपेक्षा कमी नसावा, अन् बाईनं वाचलं तर पैसे बाईच्याच खात्यात. सोयाबीन सोंगणीत मात्र ॲप बंद ठेवा बाप्पा, तवा तसंही मजूर भेटत नाही!