'शेण खाल्लं' म्हणजे काय?

रवी जाधव यांचा 'बालक-पालक' २०१३ साली आला, तेव्हा तो मुलांबरोबर पाहावा की मुलांना घरी ठेवून, असा पेच बऱ्याच आईबापांना पडला होता. त्याची सुरुवात मोठी मार्मिक आहे. चाळीतली एक तरुण मुलगी बदनाम होऊन घर सोडते आणि मोठी माणसे तिच्याविषयी मुलांना एवढेच ऐकवतात, की तिने शेण खाल्ले. म्हणजे नेमके काय केले, याचा शोध घेत चार मुले भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटपर्यंत पोचतात. प्रश्न रास्त होता. घरात उत्तर मिळाले नाही, ते कॅसेटने दिले. आता ते काम मोबाइल करतो, आणि तो आमच्या पिशोरसारख्या कन्नड तालुक्यातल्या गावातही पोचला आहे.

या वयाच्या मुलामुलींना मराठी कथा-कादंबरी काय देते? राजाराणी, साहसकथा आणि विज्ञानकथा बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत पुरतात. पुढे एकदम प्रौढांचे कपाट. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही या मधल्या पोकळीत सापडलेली मोठी चीज. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद आणि त्याला आवडणारी शिरोडकर. या पुस्तकात अंगचटीला येण्यासारखे जवळजवळ काही नाही, तरी त्या वयाची हुरहुर आणि भीती पानोपानी आहे. ती प्रौढांची कादंबरी म्हणून आली. मुलांनी ती आपलीशी केली, ते बरेच झाले.

मुले बिघडतील, हा आक्षेप कोर्टाची पायरीही चढून आला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात २५ रुपये दंड, आणि अखेर १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सुटका. समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत आहेत, प्रौढांप्रमाणे कुमारवयीनांनाही प्रेम आणि कामविषय असलेले पुष्कळ साहित्य उपलब्ध आहे, आणि विषयाचा नुसता उल्लेखही अश्लील मानला तर धार्मिक पुस्तकांखेरीज विकायला काही उरणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कथेच्या वाङ्मयीन गुणांना मात्र त्याने प्रशस्तिपत्र दिले नाही; ती अपरिपक्व वाटू शकेल, असेही सुनावले. लेखकाला दंडापेक्षा हे जास्त झोंबले असेल!

परंतु किती दाखवले, याच्याच मोजमापात आपण अडकून पडतो. शेवटी शिक्षा कोणाला होते, हे कोणी मोजत नाही. जूडी ब्लूम या अमेरिकन लेखिकेला तिच्या मुलीने एकदा विचारले, की दोन तरुण मुले प्रेमात पडून जवळ येतात आणि तरीही कोणी मरत नाही, अशी गोष्ट तू लिहिशील का? त्यातून १९७५ साली 'फॉरेव्हर' झाली. २०२४ साली युटा राज्याने शाळांतून हद्दपार केलेल्या पुस्तकांत ती होतीच. तेव्हा सोवळेपणा आपल्याकडेच आहे, असे समजायचे कारण नाही. पण त्या मुलीचा प्रश्न आपल्या कथांना विचारून पाहा. चुकलेल्या मुलीसाठी विहीर, विषाची बाटली किंवा गाव सोडणे, याखेरीज चौथा शेवट आपल्याला सहसा सुचत नाही. 'सैराट'चा (२०१६) शेवट खोटा नव्हता, आपल्याकडे तसे घडते. पण ज्या मुलीने आजवर फक्त तोच शेवट पाहिला, तिच्या मनात प्रेम म्हणजे मरण, एवढेच समीकरण पक्के होते.

आणि बापाच्या मनातही. बँकेत असताना लग्नासाठी मुदत ठेव मोडायला आलेले बाप मी पुष्कळ पाहिले. मुलगी किती शिकली, असे विचारले की ठरलेले उत्तर यायचे, 'साहेब, वेळेत उजवलेली बरी.' मराठवाड्यात त्या 'वेळेत'मागे ऊसतोडही आहे. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात आणि मुकादमाची उचल जोडीवर मिळते. आईबाप सहा-सहा महिने कारखान्यावर. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? मग तिलाही जोडी करून देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. या मुलींच्या वाट्याला शरीराची पहिली माहिती नवऱ्याकडून येते. त्यांना 'नाही' म्हणता येते, हे कोणी सांगायचे? शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम तर आपल्या राज्याने २००७ सालीच संस्कृतीच्या नावाने थांबवला.

ही कोणती संस्कृती, असा प्रश्न मला पडतो. 'गाथासप्तशती' आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या सातवाहनांची. तिच्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत आणि त्या आपल्या इच्छेबद्दल, रुसव्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. कोणी त्यांना विहिरीकडे पाठवत नाही.

'शाळा' मुकुंदने सांगितलेली आहे, त्यामुळे शिरोडकरच्या मनातले त्याला दिसले तेवढेच आपल्याला कळते. ऊसतोडीच्या गावातली पंधरा वर्षांची मुलगी ते स्वतः सांगते आहे, तिला कोणी आवडते, ती एकाला होकार आणि एकाला नकार देते आणि शेवटी दहावीच्या परीक्षेला बसते, अशी मराठी कादंबरी मला हवी आहे. माझ्या वयाच्या माणसाने ती लिहू नये; एखाद्या तरुण लेखिकेने लिहावी. ती गावच्या वाचनालयात आली, की बालविभागात ठेवायची की कुलपातल्या कपाटात, यावर समितीची बैठक होईल. त्या बैठकीला एखादी आई हजर असली तर बरे.