मुलीच्या काळजालाच उशीर का?

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी आमच्या करकंबमधल्या पाच वर्षांच्या एका मुलीला पुढं पाठवलं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र निघालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, म्हणून हे वेळेत कळलं. पुढचं मात्र घरात अडलं.

"छातीवर व्रण राहिला तर हिला करून कोण घेणार?" हा पहिला प्रश्न. दुसरा आईला, "पोटुशी असताना ग्रहण पाळलं नव्हतंस का?"

मैत्रिणींनो, मुलगा असता तर व्रणाचा प्रश्न निघाला असता का? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हृदयाची शस्त्रक्रिया सुचवलेल्या ४०५ मुलांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती, मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांची.

छिद्राला ग्रहण कारण नसतं, आईचाही दोष नसतो. काही लहान छिद्रं आपोआप बुजतात, काही मांडीच्या शिरेतून नळी घालून, छाती न उघडता बंद करता येतात. काहींना शस्त्रक्रियाच लागते. मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर फुफ्फुसातला दाब वाढतो, आणि मग ते बंद करणंही धोक्याचं ठरू शकतं. व्रण पदराखाली झाकता येतो. गेलेली वेळ परत आणता येत नाही.

खर्चासाठी शासनाची योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. आज तिला जोतिराव फुल्यांचं नाव आहे. पण आईची द्राक्षबागेतली बुडणारी मजुरी आणि घरी राहणारं धाकटं मूल कुठल्याच योजनेत बसत नाही. म्हणून आमच्या बचत गटानं पाळ्या लावल्या. एकीनं रेशनकार्ड नि दाखले जमवले, दुसरी धाकट्याला सांभाळणार आहे. पोरीचे किडके दात आधी दाखवून घेतले. "जत्रेला चाललोय" असं खोटं न सांगता, दवाखान्यात काय होणार ते तिला सांगितलं. वडीलही आता सोबत राहणार आहेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे.

आपल्या गावात तपासणीतून किती मुली नि किती मुलगे पुढं पाठवले, आणि त्यातल्या किती जणांवर उपचार झाले, हे आकडे प्रत्येक गटानं ग्रामसभेत वेगवेगळे मागावेत. मुलींचा आकडा कमी भरला तर त्या घरांची दारं आपणच ठोठवायला हवीत.