कुंडींतील जास्वंद

वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली आणि आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आलें. अंगणांतील तांबडी जास्वंद अर्थातच गेली. परंतु तिची एक फांदी सूनबाईनें आधींच कुंडींत लावून ठेविली होती. ती वाढली, तिला कळ्या आल्या आणि एकेक करून सर्व गळाल्या. "पाणी अधिक घातलेंस," असा ठपका आम्हीं सूनबाईवर ठेविला. तिनें तो मुकाट्यानें ऐकून घेतला.

पुढें विचार करितां खरें कारण उमगलें. झाड देवाजवळ असावें म्हणून आम्हीच रोज सायंकाळीं खिडकींतील कुंडी उचलून देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत नेत होतों व दुसरे दिवशीं मनास येईल तेव्हां परत ठेवीत होतों. जास्वंद उष्ण प्रदेशांतील. जागा व प्रकाश वरचेवर बदलला कीं ती प्रथम कळ्या टाकते.

घरांत जास्वंद लावणारांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. रोज ४-५ तास ऊन मिळेल अशी खिडकी निवडून कुंडी तेथेंच राहूं द्यावी. वरची माती सुकल्यावर भरपूर पाणी घालावें; मात्र खालच्या ताटलींत तें सांचूं देऊं नये. फुलें नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरतांना फांद्या थोड्या छाटाव्या. पानांच्या बगलेंत पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्यानें पुसून निंबतेल साबणाच्या पाण्यांत मिसळून फवारावें. थंड देशांत राहणाऱ्या आमच्या आप्तांनीं रात्रीचें उष्णमान १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरण्यापूर्वींच कुंडी आंत घ्यावी.

वेदान्तांत एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. स्फटिकाजवळ जपाकुसुम, म्हणजे हीच जास्वंद, ठेविलें असतां स्फटिक तांबडा भासतो. पण तो रंग स्फटिकाचा नव्हे. हा दृष्टांत आम्हीं विद्यार्थ्यांस कित्येक वर्षें समजावून दिला; आणि घरीं मात्र आमच्याच चुकीचा रंग सूनबाईच्या कामावर पाहिला! हें आम्हीं सर्वांसमक्ष तिला सांगितलें. वडीलपणास त्यामुळें कांहीं उणेपणा आला नाहीं.

त्यानंतर कुंडी हलविली नाहीं. गेल्या चतुर्थीस पहिलें फूल उमललें. जास्वंदीचें फूल बहुधा एकच दिवस टिकतें. तें गणपतीस वाहण्याचा मान आम्हीं सूनबाईस दिला.