पदराची गाठ सोडण्याआधी

गोवळकोंड्यावर बोनालू सणाचे ढोल वाजले की हैदराबादेत आषाढ लागला असं समजायचं. त्याच आठवड्यात वर्तमानपत्राची पहिली पानं गायब होतात आणि त्या जागी पानभर साड्या येतात. कोटी, अमीरपेट, कुकटपल्ली, सिकंदराबादचा जनरल बझार, जिकडे जाल तिकडे 'आषाढम सेल'. एकावर दोन मोफत, सत्तर टक्क्यांपर्यंत सूट, कुठे कुठे तर साड्या चक्क किलोच्या भावाने. वारीचा महिना म्हणून आपण ज्याला लहानपणापासून ओळखतो, तो या शहरात खरेदीचा महिना आहे.

त्यामागचं कारण साधं आहे. तेलुगू घरांत आषाढात लग्न करत नाहीत. नवी सून महिनाभर माहेरी जाते. लग्न नाही म्हणजे साडीला गिऱ्हाईक नाही. दुकानदारांनी डोकं चालवलं आणि मंदीच्या महिन्यालाच सणाचे कपडे चढवले. जुना माल हलतो, पैसा मोकळा होतो, श्रावणातल्या वरलक्ष्मी व्रताचा नि लग्नांचा माल मांडायला फळ्या रिकाम्या होतात. यात लबाडी नाही, हा धंदा आहे. पण एवढं ध्यानात ठेवा, की गरज दुकानाची होती. ती आपली वाटायला लागते, तिथे बाजाराची कला सुरू होते.

म्हणून या आषाढात माझं एकच सांगणं आहे: खरेदी बाजारात करा, पण निर्णय घरी घ्या. काय घ्यायचं, केवढ्यापर्यंत घ्यायचं, हे उंबरठा ओलांडण्याआधी ठरलेलं असू द्या. दुकानात ते ठरवायला गेलात, तर तुमच्या वतीने दुसरंच कोणीतरी ठरवतं, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

हे मी शहाणपणाच्या पाटावर बसून सांगत नाही, तोंड पोळलेलं आहे. भाचीच्या डोहाळजेवणाला साडी घ्यायची होती. तिने नारायणपेठी मागितली होती. पर्समध्ये चार हजार होते. दुकानात चपला काढून पांढऱ्या गादीवर टेकले, तोच पोऱ्याने थंडची बाटली हातात दिली. 'देखने के पैसे नईं लगते अम्मा,' असं म्हणत मालकाने पहिली साडी उलगडली ती अठरा हजारांची. मी म्हटलं, आपल्याला झेपणारी नाही. 'मालूम है अम्मा, सिर्फ देखो.' मग बाराची, मग दहाची. तासाभरात माझ्यापुढे पंचवीस-तीस साड्यांचा ढीग, आणि साडेसात हजारांची एक साडी मला चक्क स्वस्त वाटायला लागली होती. सहा हजार नऊशेला घेतली. शिल्लक फोनवरून दिली. वर 'सहाशे वाचवले' असं घरी सांगितलंही. भाचीने घडी उलगडली, हसली आणि म्हणाली, "मावशी, छान आहे गं. पण मी साधी नारायणपेठी म्हटलं होतं."

आता त्या तासाभराकडे परत पाहू. पहिली अठरा हजारांची साडी विकायची नव्हतीच. ती माझ्या मनात मारलेली खुंटी होती. पुढचे सगळे भाव त्या खुंटीला टांगून मी जोखत राहिले. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली याचा एक गमतीदार प्रयोग छापला. लोकांपुढे आकड्यांचं एक चाक फिरवायचं. चाकात खोट होती, ते 10 किंवा 65 वरच थांबायचं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के आहेत? ज्यांनी 10 पाहिले त्यांचं उत्तर 25 च्या आसपास, ज्यांनी 65 पाहिले त्यांचं 45 च्या आसपास. चाकाचा आफ्रिकेशी काही संबंध नाही हे दिसत असूनही आकडा मनाला चिकटला. मग समोर रेशीम उलगडलेलं असताना माझी काय कथा?

पाकिटावरची एमआरपी हीसुद्धा तशीच खुंटी. छापील किमतीहून जास्त घ्यायला कायद्याने बंदी आहे, पण छापलेली किंमत वाजवी आहे असं कायदा म्हणत नाही. ती बनवणाऱ्यानेच ठरवलेली. तिच्यावर सत्तर टक्के सूट म्हणजे त्यानेच काढलेल्या रेघेपासून त्यानेच मोजलेलं अंतर. 999 चा भाव हे याच घराण्यातलं धाकटं पोर. बाटाच्या बुटांमुळे तर असल्या आकड्याला 'बाटा प्राइस' असं नावच पडलं. डोळा डावीकडचा आकडा आधी वाचतो आणि तिथेच थांबतो.

उपाय? समोरच्याचा आकडा कानावर पडायच्या आत आपला आकडा असावा, तोही कागदावर. तोंडी ठरवलेलं बाजारात विरघळतं.

दुसरी गोष्ट त्या थंडच्या बाटलीची. वीस रुपयांच्या बाटलीने माणूस मिंधा होतो. त्यातून त्याने तीस साड्या उलगडल्या, आता तसंच उठायचं कसं? रॉबर्ट चियाल्डिनी यांनी 1984 साली विक्रीच्या युक्त्यांवर गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात या परतफेडीच्या भावनेला मानाचं स्थान आहे. घेतलं त्याची परतफेड करावी ही शिकवण चांगलीच आहे; पाहुणचाराला पाहुणचाराने उत्तर द्यावं. पण दुकानातला पाहुणचार हा दुकानाच्या खर्चाचा भाग आहे, आणि साड्यांच्या घड्या घालणं हे त्या मुलाचं पगारी काम. थंड प्या, 'शुक्रिया भाई' म्हणा, मनासारखं नसेल तर चपला घाला. यात अपमान कुणाचाच नाही. आपल्या बायकांना 'नको' म्हणायची लाज वाटते, पुरुषांना 'परवडत नाही' म्हणायची. बाजार या दोन्ही लाजांवर पोट भरतो.

तिसरी गोष्ट पाहायची तर चारमिनारच्या पायथ्याशी लाड बझारला जा. लाखेच्या बांगड्यांची ही गल्ली. हैदराबादच्या या बांगड्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करतो, खडे बसवतो, तुमच्या मापाची बांगडी करतो आणि बोलता बोलता ती हातात चढवतो. भाव अजून ठरायचा असतो! पण चढलेली बांगडी उतरवणं म्हणजे आपलंच काही काढून दिल्यासारखं वाटतं. मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख मनाला मोठं वाटतं, हे काहनेमन आणि ट्वर्स्की याच जोडगोळीने 1979 साली मांडलं. कपड्यांच्या दुकानातलं 'एकदा अंगावर घेऊन तर पाहा', गाडीवाल्याची चक्कर, ॲपचा पहिला महिना फुकट, सगळी त्या बांगडीची भावंडं. लाड बझारात घासाघीस जरूर करा, पण हात मुठीत ठेवून.

गमावण्याची हीच भीती वेळेतूनही घालता येते. नामपल्लीची नुमाइश आपण सगळे पाहतो. 1938 साली उस्मानियाच्या पदवीधरांनी बागे-आममध्ये सुरू केलेलं हे प्रदर्शन आता साधारण 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी भरतं. तिथली मुदत खरी आहे. काश्मिरी शालवाला फेब्रुवारीनंतर खरंच सापडत नाही. पण फोनवर 'फक्त 2 शिल्लक', '9 मिनिटांत ऑफर संपेल' असं जे लाल अक्षरांत येतं, ते खरं की खोटं आपल्याला दिसत नाही. माझा एक नातलग गच्चीबावलीत असल्याच कामाला आहे. तो सांगतो, एकाच पानाची दोन रूपं करतात, निम्म्या लोकांना एक दाखवतात, निम्म्यांना दुसरं. ज्यातून जास्त विक्री होते ते ठेवतात. म्हणजे चारमिनारचा दुकानदार जे शहाणपण पिढ्यान् पिढ्या गोळा करतो, ते इथे आठवड्यात तपासून होतं. आणि ते करणारी पोरं आपल्याच घरची आहेत, संध्याकाळी आपल्याच पंगतीला जेवतात. त्यांना एकदा विचाराच, बेटा, तुमच्या ॲपमध्ये 'नको' चं बटण एवढं फिकट का रे?

सरकारलाही हे कळलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 फसव्या रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर उगवणारे जादा आकार, सहज सुरू होणारं पण बंद न होणारं सभासदत्व, 'नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लाजवणारं बटण, हे सगळं त्यात आहे. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवा. तिथे मराठीतही बोलता येतं. बिल मात्र जपून ठेवलेलं हवं.

राहिला पैसे देण्याचा क्षण. पाचशेची नोट खिशातून काढताना हात जरा अडखळतो. क्यूआरवर फोन धरताना तो अडखळत नाही. एमआयटीतल्या प्रीलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी 2001 साली दाखवलं, की सामन्याच्या त्याच तिकिटांसाठी क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोख देणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट बोली लावली. यूपीआय सोयीचं आहे, मीही वापरते. पण सणाच्या खरेदीला रोख घेऊन निघा, मोजून. आणि 'बिनव्याजी हप्ता' दिसला तर आठवा, की 2013 च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं: शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते कुठेतरी भावात किंवा शुल्कात मुरवलेलं असतं. रोखीने घेतलं तर किती, हा प्रश्न आधी विचारा.

किलोच्या साड्यांचंही तसंच. वजनाने घेतलं की एका साडीला किती पडले हे डोक्यातून निसटतं, आणि ते निसटावं हीच तर योजना. भागाकार करा. किराण्याच्या पाकिटांवर आता ग्रॅममागे किंवा मिलीलीटरमागे किंमत छापावी लागते. तो बारीक आकडा वाचायची सवय लावा. 'मोठं पाकीट स्वस्त' ही समजूत दर वेळी खरी ठरत नाही.

निर्णय घरी घ्यायची रीत आपल्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीची कुटुंबं महिन्याची यादी आधी भरून देत आली. माल एकत्र घेतला जाई आणि गटातल्याच कुणाच्या तरी घरी वाटला जाई. सगळे फायदा सांगताना स्वस्ताईचा सांगतात. मला दुसरा फायदा मोठा वाटतो: यादी भरताना समोर ना काउंटर, ना झगमगाट, ना थंडची बाटली. स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहायचे आणि लिहायचं.

तेच आपण इथे करूया. काचीगुडा, बरकतपुरा, कुकटपल्लीतल्या मराठी घरांनो, या आषाढात एक वही घाला. डावीकडे, निघण्यापूर्वी, 'काय आणि केवढ्यापर्यंत'. उजवीकडे, परत आल्यावर, 'काय आणलं आणि केवढ्याला'. यादीत नसलेलं काही फार आवडलं तर त्या दिवशी घेऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळीही हवंसं वाटलं तर खुशाल जा. बहुतेक दुकानं रात्रीत कुठे जात नाहीत. श्रावणातल्या हळदीकुंकवाला वह्या घेऊन या. डावी आणि उजवी बाजू एकमेकींना वाचून दाखवू आणि हसू. माझ्या वहीचं पहिलं पान त्या सहा हजार नऊशेंचं असेल.

माझ्या सासूबाई महिन्याचं सामान आणायला बेगम बझारला जात. निघताना मोजून पैसे पदराच्या टोकाला बांधत, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. काही मनात भरलं की त्यांना आधी ती गाठ सोडावी लागे. गाठ घट्ट असे, नखांनी सोडवायला अर्धं मिनिट तरी लागे. त्या अर्ध्या मिनिटात कितीतरी वस्तू दुकानातच राहिल्या, असं त्या स्वतःच सांगत.

फोनला पदर नाही. तेवढं अर्धं मिनिट आता आपल्यालाच काढावं लागणार.