आई-बाबांसाठी टीव्ही : ३२ इंची घ्यावा की ४३ इंची?



सणासुदीचे दिवस जवळ आले की दवाखान्यात औषधांखेरीज इतरही सल्ले विचारले जातात. त्यांतील एक प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो. "डॉक्टर, आई-बाबांसाठी टीव्ही घ्यायचा आहे. ३२ इंची पुरेल की ४३ इंची घ्यावा?" हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा आहे, असे आपणास वाटेल. परंतु त्याचे निम्मे उत्तर डोळ्यांत, कानांत आणि मानेत दडलेले असते. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांच्या दिवसाला टीव्हीच आकार देतो. सकाळचे अभंग, दुपारच्या बातम्या, संध्याकाळची मालिका आणि अधूनमधून क्रिकेटचा सामना. पडदा नीट दिसेनासा झाला किंवा संवाद कळेनासे झाले, तर ही माणसे सहसा तक्रार करीत नाहीत. ती फक्त हळूहळू तेथून उठून जातात.

एका दांपत्याचे उदाहरण घेऊ. आजोबांचे वय ७९. त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने झीज झाली आहे. डॉक्टर तिला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. समोरच्या माणसाचा चेहरा आणि पडद्यावरची धावसंख्या, दोन्ही त्यांना पुसट दिसतात. आजी ७४ वर्षांच्या. त्यांची नजर चांगली, मात्र ऐकू कमी येते. घरात जुना ३२ इंची टीव्ही, बसण्याची जागा त्यापासून दहा फुटांवर. आजी आवाज इतका वाढवीत, की शेजारी दार वाजवीत आणि आजोबा आतल्या खोलीत जाऊन बसत. मुलाने तोडगा काढला, की दोन नवे ३२ इंची टीव्ही आणावेत, एक दिवाणखान्यात, एक आतल्या खोलीत. दोहोंची मिळून किंमत साधारण एका ४३ इंची टीव्हीएवढीच होत होती. हिशेब चोख होता. पण त्या हिशेबाने पन्नास वर्षे एकत्र बसणाऱ्या दोघांची संध्याकाळ कायमची दोन खोल्यांत विभागली गेली असती. म्हणून मी त्यांना आधी दुकानात नव्हे, तपासणीला पाठविले.

खरेदीपूर्वी तपासणी

टीव्ही दिसत नाही, ही कित्येकदा टीव्हीची नव्हे, मोतीबिंदूची तक्रार असते. मोतीबिंदूमुळे रंग फिके पडतात, उजेडाची तिरीप सहन होत नाही. अशा वेळी मोठ्या पडद्यापेक्षा शस्त्रक्रियेचा उपयोग अधिक. पडद्याची सरळ कड अचानक वाकडी किंवा लाटेसारखी दिसू लागली, तर मात्र थांबू नका. एक-दोन दिवसांतच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. दृष्टिपटलाच्या झिजेचा एक प्रकार वेगाने वाढतो आणि त्यावर वेळेत उपचार झाले, तरच नजर वाचते.

कानांचेही तसेच. पुष्कळदा मळ साचून ऐकू कमी येते आणि तो काढल्यावर फरक पडतो. त्यानंतरही त्रास राहिला, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आकार आणि अंतर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंचांचे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद असतो आणि ४३ इंची सुमारे ९५. म्हणजे त्याच जागेवरून पाहिल्यास चित्र साधारण एक तृतीयांशाने मोठे दिसते. दहा फुटांवरची खुर्ची साडेसात फुटांवर आणली, तर जुन्या ३२ इंची टीव्हीवरही तेवढाच फरक पडतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. टीव्ही जवळून पाहिल्याने डोळे बिघडतात, ही समजूत ज्येष्ठांनी मनातून काढून टाकावी. डोळे थकतात ते पापण्या कमी मिटल्यामुळे. अधूनमधून मुद्दाम पापण्या मिटाव्यात, एवढेच.

दुकानात ‘एचडी रेडी’, ‘फुल एचडी’ आणि ‘फोर-के’ असे शब्द ऐकू येतील. हे पडद्यावरील ठिपक्यांच्या संख्येचे प्रकार आहेत. निरोगी डोळ्यालाही ३२ इंची एचडी रेडी पडद्याचे ठिपके साधारण सहा फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फोर-के पडद्याचे ठिपके वेगळे ओळखायचे, तर तीन फुटांच्या आत बसावे लागेल. तेव्हा आठ फुटांवर बसणाऱ्या पंच्याहत्तरीच्या व्यक्तीसाठी केवळ ‘फोर-के’ या शब्दापायी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. पैसे आकारासाठी, आवाजासाठी आणि सोप्या रिमोटसाठी मोजावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे; दोन्ही आकारांवर आता एकच दर आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

मोठा पडदा सर्वांनाच सोयीचा असतो, असे नाही. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये मधली नजर जाते, म्हणून मोठे आणि जवळचे चित्र उपयोगी पडते. वाढलेल्या काचबिंदूत उलट कडेची नजर आक्रसते. नळीतून पाहावे तसे दिसते. अशा व्यक्तीला जवळचा मोठा पडदा एका नजरेत मावत नाही. तिच्यासाठी ३२ इंची टीव्ही, थोड्या अंतरावर, अधिक सोयीचा ठरतो. पक्षाघातानंतर काहींची एका बाजूची अर्धी नजर जाते. पडद्याची एक बाजू त्यांना दिसतच नाही. आजार कोणता हे कळल्याशिवाय आकार ठरवू नये, तो यासाठीच.

‘ऐकू येते, पण कळत नाही’

ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती अगदी खरी असते. वाढत्या वयात प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त, क ही व्यंजने पुष्कळशी याच स्वरांत असतात, तर अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात. त्यामुळे आवाज पोहोचतो, शब्द मात्र उमगत नाही. ‘साठ’, ‘काठ’, ‘पाठ’, ‘ताठ’ हे सारे शब्द सारखेच वाटतात. आवाज वाढविला, की पार्श्वसंगीतही वाढते आणि दुखऱ्या कानाला ते सहन होत नाही. ‘मोठ्याने बोला’ म्हणणारी आजी पुढच्याच क्षणी ‘ओरडू नका’ म्हणते, तो तिचा हट्ट नव्हे.

त्यात चपट्या टीव्हींचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. स्वस्त टीव्ही ३२ इंची असो वा ४३ इंची, ही उणीव दोहोंत असते. उपाय तीन. पहिला, टीव्हीच्या ध्वनिरचनेत संवाद स्पष्ट करणारा पर्याय असल्यास तो निवडणे. दुसरा, पडद्यासमोर ठेवता येणारा छोटा साउंडबार. तिसरा आणि सर्वांत उपयोगी, बिनतारी हेडफोन. मात्र हेडफोन जोडताच अनेक टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो आणि बाकीच्यांना मूकपट पाहावा लागतो. दोन्ही आवाज एकाच वेळी चालू राहतात का, हे दुकानातच करून पाहावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी हेडफोन घेण्याआधी आपल्या श्रवणतज्ज्ञांना विचारावे. घरी एकटे राहणाऱ्यांनी एक कान मोकळा ठेवावा. दाराची घंटा आणि फोन ऐकू यायला हवेत.

रिमोट आणि बोटे

स्मार्ट टीव्हीवर कीर्तन, जुने चित्रपट आणि परदेशी असलेल्या नातवंडांचे व्हिडिओ पाहता येतात. तो आनंद मोठा आहे. पण स्वस्त स्मार्ट टीव्ही कधी कधी फार संथ असतो. बटण दाबल्यावर पडद्यावर काही घडत नाही, म्हणून ज्येष्ठ व्यक्ती पुन्हा दाबते, पुन्हा दाबते आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचते. हात कापणाऱ्यांना हा त्रास अधिक. टीव्ही चालू केल्यावर थेट सेट-टॉप बॉक्सचे चित्र यावे, अशी सोय पुष्कळ टीव्हींत करता येते; बसवायला येणाऱ्या माणसाकडून ती करून घ्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी साधा टीव्ही आणि एकच रिमोट बरा. अशा रुग्णांना पडद्यावरची माणसे कधी कधी घरात आल्यासारखी वाटतात. मारामारीच्या बातम्यांनी ती घाबरली, तर समजावीत बसू नका. टीव्ही बंद करा.

टीव्ही कोठे ठेवावा?

कपाटाच्या वर, छताजवळ टांगलेला टीव्ही मानेचा शत्रू आहे. खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यावा. जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी तो थोडा उंच चालेल, पण रुग्णाचे डोके आणि पाठ उचललेली असावीत. सपाट निजून, उशीवरून खाली पाहत टीव्ही बघणाऱ्याची नजर चष्म्याच्या वाचनाच्या भागातून जाते आणि चित्र अंधूक दिसते. अशांनी केवळ दूरचे पाहण्याचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

आणखी एक गोष्ट काळजीवाहकांनी कटाक्षाने पाळावी. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या रुग्णाला भरविताना टीव्ही बंद ठेवा. लक्ष पडद्याकडे गेले, की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

४३ इंची टीव्हीचे दोन पाय बहुधा दोन टोकांना असतात. जुन्या टेबलावर ते मावतीलच असे नाही. टेबलाची रुंदी आधी मोजा. चालताना ज्येष्ठ माणसे हाताला येईल त्याचा आधार घेतात, म्हणून टीव्ही भिंतीला पक्का बांधलेला असावा आणि एकही वायर वाटेत नसावी. खिडकी पडद्याच्या समोर नको, आणि रात्री संपूर्ण अंधारही नको. दर जाहिरातीला पायांचे घोटे हलवावेत, अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत आणि निजण्याच्या तासभर आधी पडदा बंद करावा.

त्या दांपत्याने अखेर एकच ४३ इंची टीव्ही घेतला. आजोबांची खुर्ची पाच फुटांवर आली. पूर्वीच्या दहा फुटांच्या तुलनेत चित्र अडीच पटींहून मोठे झाले. त्या अंतराप्रमाणे चष्म्याचा नंबरही तपासून घेतला. आजींना श्रवणयंत्र बसविले. आजोबांना धावसंख्या अजूनही स्पष्ट दिसत नाही. ती आजी वाचून सांगतात. मालिकेत कोण काय बोलले, हे आजोबा त्यांना सांगतात. मात्र आजी अंथरुणाला खिळलेल्या असत्या, तर मी त्यांच्या खोलीसाठी ३२ इंचीच सुचविला असता.

दुकानात जाताना

• बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर आणि टेबलाची रुंदी मोजून लिहून न्या.

• दुकानातील भडक रंगांची चित्रफीत नको. मराठी बातम्या लावायला सांगा. पडद्याखालची धावती ओळ वाचता येते का ते पाहा.

• बाजूला उभे राहून पाहा. काही पडद्यांचे रंग कडेने फिके पडतात. पलंग किंवा खुर्ची एका बाजूला असेल, तर हे महत्त्वाचे.

• हेडफोन आणि टीव्ही यांचा आवाज एकत्र चालू राहतो का, विचारू नका, करून पाहा.

• ज्यांच्यासाठी टीव्ही घ्यायचा, त्यांना सोबत न्या. दुकानदाराने दिलेला रिमोट आपण घेऊ नका. त्यांच्याच हाती द्या आणि पाच मिनिटे शांत उभे राहा.